घरातील जुनी पाय ठेवायची स्टुले : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या लाकडी सामानाविषयीच्या या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांत पाय ठेवायच्या बुटक्या स्टुलांविषयीचे प्रश्न बरेच होते. जुने कपाट किंवा शिसवी पलंग यांची घरात आस्थेने विचारपूस होते. स्टूल मात्र आधी माळ्यावर जाते आणि घर बदलताना सर्वांत आधी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. म्हणून या अंकातील संपूर्ण सदर या स्टुलांसाठी राखले आहे.

प्रश्न : मुंबईतील जुन्या फर्निचरच्या एका दुकानातून आम्ही काळ्या रंगाचे, भोवती वेलबुट्टी कोरलेले गोल स्टूल घेतले. ते शिसवाचे असून सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे, असे दुकानदाराने सांगितले. हे घरच्या घरी कसे पडताळून पाहावे? (एक वाचक, नाशिक)

एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवाचे भरगच्च कोरीव फर्निचर मोठ्या प्रमाणावर तयार होत असे. युरोपीय अधिकारी आणि सधन पारशी कुटुंबे ही त्याची मुख्य गिऱ्हाइके होती आणि १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनातही मुंबईचे हे काम मांडले गेले होते. पानाफुलांची जाळीदार वेलबुट्टी ही त्याची ओळख. परंतु तीच नक्षी पुढे विसाव्या शतकातही कोरली जात राहिली, त्यामुळे केवळ नक्षीवरून वय ठरवता येत नाही. दुकानदार स्टुलाची वरची बाजू दाखवतो. आपण ते उलटे करून, दिवसाच्या उजेडात, खालची बाजू पाहावी. वय सांगणाऱ्या बहुतेक खुणा तिथेच असतात, कारण तिथे पॉलिश करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

प्रथम लाकूड पाहावे. शिसव सागापेक्षा बरेच जड असते आणि त्याचा मूळ रंग जांभळट तपकिरी असून त्यात काळपट रेघा असतात. कोरीव कामाच्या खाचेत, पायाच्या तळाला किंवा एखादा कपचा उडालेला असेल तिथे लाकूड पिवळसर दिसले, तर ते काळा रंग चढवलेले साग किंवा त्याहून हलके लाकूड आहे, असे समजावे. तसे असले म्हणून स्टूल टाकाऊ ठरत नाही. मात्र शिसवाची किंमत देण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर करवतीच्या खुणा पाहाव्यात. हातकरवतीने कापलेल्या फळीवर सरळ, पण कमीअधिक अंतराच्या आणि किंचित तिरप्या रेघा दिसतात. यंत्रावरच्या गोल पात्याने कापलेल्या फळीवर कमानीसारख्या वळलेल्या रेघा उमटतात. स्क्रूही बरेच काही सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असते आणि डोक्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. त्यानंतरच्या स्क्रूला टोक असते. डोक्यावर अधिकचे चिन्ह असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, म्हणून असा स्क्रू सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वस्तूत मूळचा असूच शकत नाही. तो नंतरच्या दुरुस्तीत घातलेला असू शकतो. अशा वेळी त्याच्या शेजारी जुन्या स्क्रूचे किंवा खिळ्याचे बुजलेले भोक सापडते का, ते पाहावे.

तुमचे स्टूल गोल आहे, ही सोयीची गोष्ट आहे. लाकूड वर्षानुवर्षे वाळत जाते तेव्हा ते रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे अखंड फळीतून गोल कापलेली जुनी बैठक कालांतराने किंचित लंबगोल होते. टेपने आधी लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि मग त्यांच्या काटकोनात माप घ्यावे; तीस सेंटिमीटरच्या बैठकीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक आढळला, तर ती फळी बराच काळ वाळलेली आहे, असे मानायला हरकत नाही. हे माप पावसाळ्यात घेऊ नये, कारण दमट हवेत लाकूड पुन्हा फुगते.

शेवटी झीज पाहावी. खऱ्या वापरातली झीज सगळीकडे सारखी नसते. टाचा टेकतात ती कड गुळगुळीत होते, पायांचे तळ घासून गोलसर होतात आणि कोरीव कामाच्या उंच भागावर हाताने पुसल्याची चकाकी येते, तर खोल भागात काळा थर साचलेला असतो. मुद्दाम जुनी दाखवलेली वस्तू बहुधा सर्व बाजूंनी सारखीच घासलेली असते. या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळल्या, तरच दुकानदाराच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा. एकाच खुणेवर निर्णय करू नये.

प्रश्न : पाय ठेवायचे स्टूल आपल्याकडे इंग्रजांमुळे आले का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

वस्तू म्हणून ती इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या स्तूपावरील प्राचीन शिल्पांत बुद्धाचे अस्तित्व रिकाम्या आसनाने दाखवले आहे आणि त्या आसनापुढच्या पादपीठावर पावलांच्या खुणा कोरलेल्या आहेत. इजिप्तमध्ये १९२२ साली सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यातही पाय ठेवायची पीठे होती. त्यांच्यावर बांधलेल्या शत्रूंच्या आकृत्या होत्या, म्हणजे राजा बसला की त्याचे पाय शत्रूवर पडत. उंच आसन आणि पायाखालचे पीठ ही दोन्ही ठिकाणी सत्तेची आणि पूज्यतेची खूण होती.

सामान्य मराठी घरात मात्र माणसे जमिनीवर बसत. जेवायला पाट, पूजेला चौरंग आणि बैठकीला गादी-लोड अशी मांडणी असताना पायाखाली काही घेण्याची गरजच नव्हती. खुर्ची, आरामखुर्ची आणि उंच पलंग घरात आले, तेव्हा त्यांच्यामागून ही स्टुले आली. पलंगावर चढण्यासाठी पायरीसारखा त्यांचा उपयोग होई आणि आरामखुर्चीसमोर पाय टेकण्यासाठीही. तेव्हा वस्तू जुनी, पण आपल्या घरातला तिचा वापर खुर्चीइतकाच जुना, असे म्हणणे योग्य ठरेल.

प्रश्न : आजोबांच्या वापरातले सागवानी स्टूल माझ्याकडे आले आहे. पॉलिश काळवंडले आहे, वर कपाचे पांढरे गोल डाग आहेत आणि एक पाय हलतो. आमचे सुतार म्हणतात की, सगळे घासून काढू, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारू आणि पायाला दोन खिळे ठोकू म्हणजे नव्यासारखे होईल. तसे करावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

कृपया तसे करू नका. तुमच्या पत्रातील हे वाक्य वाचून फार काळजी वाटली, कारण जुन्या वस्तूंचे सर्वांत जास्त नुकसान वाळवीने नव्हे, तर अशा उत्साहाने होते. लाकडाचा वरचा थर हा काही दशकांच्या उजेडाने, हातांच्या स्पर्शाने आणि आधीच्या पॉलिशने तयार झालेला असतो. पॉलिश पेपरने तो एका दुपारी निघून जातो आणि त्यानंतर कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही.

आधी जुने पॉलिश कोणते आहे, ते ओळखावे. त्या काळातील बहुतेक चांगल्या सामानाला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश केलेले असे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून ही लाख मिळते. स्टुलाच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावावा. काही क्षणांत तो भाग मऊ आणि चिकट झाला, तर पॉलिश चपड्याचे आहे. काहीच झाले नाही, तर नंतर कोणी तरी मेलामाइन किंवा पीयूचा थर चढवलेला असण्याची शक्यता आहे.

पॉलिश चपड्याचे निघाले, तर काम सोपे आहे. काळवंडलेपण बहुधा पॉलिशमध्ये नसते. धूळ, तेलकट हात आणि मेण यांच्या एकत्र थरात असते. मऊ सुती फडके कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळावे, त्यावर सौम्य साबणाचा एखादा थेंब घ्यावा आणि हातभर जागाही एकदम न घेता थोडे थोडे पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. कोरीव भागासाठी दाढीचा जुना ब्रश चांगला. फडक्यावर येणारा रंग काळपट राखाडी असेपर्यंत तो मळ आहे. तो तांबूस तपकिरी येऊ लागला की थांबावे, कारण आता पॉलिशच निघू लागलेले असते.

कपाचे पांढरे डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. लाकूड खराब झालेले नसते. कापड नुसते ओलसर वाटेल इतकेच स्पिरिट त्यावर घेऊन, हात न थांबवता, डागावरून अगदी हलकेच एकदोनदा फिरवले की डाग बहुधा फिका होतो. हात थांबला की तिथे कापड चिकटते आणि थर उचकटतो, म्हणून आधी खालच्या बाजूला सराव करावा. डाग काळा असेल, तर पाणी लाकडापर्यंत पोहोचलेले आहे, असे समजून तो तसाच राहू द्यावा.

स्वच्छ झाल्यावर मधमाशीच्या मेणाचे पॉलिश अगदी पातळ लावून, काही वेळाने चोळून काढावे. वर्षातून एकदा इतके पुरे. खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी, कारण ते वाळत नाही आणि त्यावर धूळ बसून पुन्हा काळा थर धरतो. जवसाचे तेल वापरण्याचा सल्ला काही जण देतात. तेही कालांतराने गडद होते आणि शिवाय त्यात धोका आहे : या तेलाची फडकी बोळा करून टाकली, तर वाळताना आतल्या आत तापून ती आपोआप पेट घेऊ शकतात.

आता हलणारा पाय. जुन्या स्टुलात पायाचे टोक बैठकीच्या किंवा पट्टीच्या खोबणीत बसवलेले असते आणि ते सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने, चिकटवलेले असते. सरस गरम पाण्याने मऊ होतो, म्हणून सांधा सोडवता येतो, आतला जुना सरस साफ करता येतो आणि नव्या सरसाने तो पुन्हा बसवता येतो. हीच त्या पद्धतीची थोरवी आहे. तिथे खिळा ठोकला, तर लाकूड चिरते, खिळा गंजतो आणि पुढच्या कारागिराला सांधा खोलताच येत नाही. बाजारातील पांढरा डिंक मजबूत असतो, पण सरसासारखा सहज सुटत नाही. सरस तापवून काम करणारा जुना सुतार शोधायला वेळ लागला तरी चालेल. तोपर्यंत स्टूल भिंतीशी ठेवावे आणि त्यावर भार देऊ नये.

प्रश्न : फणसाच्या लाकडाच्या जुन्या स्टुलाखाली रोज थोडा पिवळसर भुसा पडलेला दिसतो. उन्हात ठेवले तर कीड मरेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

कडक उन्हाने लाकूड तडकते आणि आत खोलवर असलेल्या अळ्या जिवंत राहू शकतात, त्यामुळे उन्हात ठेवू नये. पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके असतील, तर ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची कीड आहे. वाळवी असती, तर मातीच्या वाहिन्या दिसल्या असत्या. ही कीड बहुधा लाकडाच्या बाहेरच्या, फिक्या, कच्च्या भागाला लागते आणि आतला गाभा पुष्कळदा शाबूत असतो.

स्टूल झटकून, पुसून काळ्या कागदावर ठेवावे आणि दोन आठवडे पाहावे. झटकताना पडलेला भुसा जुना असू शकतो. कागदावर नवा भुसा पडला, तरच कीड जिवंत आहे. जिवंत असेल तर स्टूल आधी इतर लाकडी सामानापासून दूर करावे. स्टूल लहान असल्यामुळे वस्तुसंग्रहालयांतील एक उपाय तुम्हालाही करता येण्यासारखा आहे. ते जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून घट्ट बांधावे आणि शून्याखाली वीस अंशांच्या आसपास तापमान राहणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावे. मासळीच्या धंद्यामुळे रत्नागिरीत असा फ्रीजर मिळणे अवघड नाही. बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच उघडू नये. एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, म्हणजे दव प्लास्टिकच्या बाहेर धरते आणि लाकूड कोरडे राहते. मात्र स्टुलावर लाकडाची पातळ पत्री (व्हेनिअर) चिकटवलेली असेल, शिंपल्याचे जडावकाम असेल किंवा सावंतवाडीच्या पद्धतीचे लाखेचे रंगकाम असेल, तर हा उपाय करू नये; थंडीने लाकूड आणि वरचा थर वेगवेगळे आकसतात आणि थर सुटतो. अशा वेळी कीडनियंत्रण करणाऱ्या जाणकारालाच बोलवावे.

प्रश्न : सासूबाईंचा पितळी फुले जडवलेला चौरंग सोफ्यासमोर पाय ठेवायला वापरावा, असे मुलांचे म्हणणे आहे. मला ते रुचत नाही. आपले मत काय? (एक वाचिका, पुणे)

आपल्याला रुचत नाही, हे कारण माझ्या दृष्टीने पुरेसे आहे. ज्या चौरंगावर सत्यनारायणाचा कलश मांडला गेला, त्यावर पाय ठेवणे घरातील एकालाही खटकत असेल, तर ते करू नये. मुलांना पटवण्यासाठी दुसरेही कारण आहे. चौरंगाची रचना वरून सरळ खाली येणारा भार पेलण्यासाठी असते. पाय ठेवणारा माणूस स्टुलाला सतत पुढे ढकलत असतो आणि चौरंगाच्या पायांना बहुधा आडव्या पट्ट्यांचा आधार नसल्यामुळे त्याचे सांधे लवकर ढिले होतात. टाचांनी पितळी फुलांच्या कडाही उचकटतात. त्याच चौरंगावर समई, पुस्तके किंवा फुलदाणी ठेवता येईल आणि तो रोज डोळ्यांसमोरही राहील.

प्रश्न : वडिलांचे पाय सुजतात. जुने स्टूल किती उंचीचे असावे? (एक वाचक, संभाजीनगर)

सुजेचे कारण आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे. पाय लांब करून टेकवायचे असतील, तर स्टूल खुर्चीच्या बैठकीइतके किंवा त्याहून थोडे कमी उंच असावे; बहुतेक जुनी स्टुले पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरची असतात आणि ती खुर्चीवर बसून पावले टेकवण्यासाठीच सोयीची ठरतात. वडील उठण्यापूर्वी स्टूल कोणी तरी बाजूला घ्यावे, कारण रात्री त्याला अडखळून पडण्याचा धोका मोठा आहे.

प्रश्न : आत्याने मॅटीवर लोकरीने भरलेल्या गुलाबांचे कापड आमच्या स्टुलावर आहे. ते विरले आहे आणि खाली गाठी झाल्या आहेत. धुऊन पुन्हा बसवावे का? (एक वाचिका, ठाणे)

धुऊ नये. जुन्या लोकरीचा लाल आणि जांभळा रंग पाण्यात पसरतो आणि मॅटी आकसते. कापडावर मऊ नायलॉनची जाळी धरून, व्हॅक्यूम क्लीनर अगदी कमी जोरावर ठेवून वरून धूळ ओढून घ्यावी. जाळीमुळे सुटलेले टाके ओढले जात नाहीत.

लोकरीचे असे भरतकाम एकोणिसाव्या शतकात युरोपात घराघरांत होत असे. त्याचे चौकटीच्या कागदावर छापलेले नमुने बर्लिनहून येत, म्हणून ते त्या शहराच्या नावाने ओळखले जाई आणि पाय ठेवायची स्टुले ही त्याची अगदी आवडती जागा होती. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधल्यानंतर या गुलाबांचे रंग एकदम भडक झाले. दाट काळ्या पार्श्वभूमीवर फुललेले मोठे गुलाब ही त्या नमुन्यांची ठळक खूण आहे. आपल्या आत्याच्या कापडावर तशी पार्श्वभूमी आहे का, ते जरूर पाहावे.

कापड काढायचे असेल, तर चुका, म्हणजे कापड ठोकलेले बारीक खिळे, एकेक करून, खाली पातळ पट्टी धरून उचलाव्यात. ओढून काढू नयेत. आतील भरणात काथ्या, कापूस किंवा घोड्याचे केस निघतील. गाठी झालेला कापूस बदलता येईल. काथ्या आणि केस मात्र झटकून, सैल करून पुन्हा वापरावेत, कारण त्यांचा ताठरपणा फोममध्ये येत नाही. फोमची बैठक हे दुसऱ्या महायुद्धानंतरचे साहित्य आहे आणि ते काही वर्षांत चुरा होते. विरलेले भरतकाम ज्या स्टुलावर रोज पाय पडणार, त्यावर पुन्हा ताणून बसवण्याऐवजी सुती कापडावर हलके टाके घालून, उन्हापासून दूर, काचेच्या चौकटीत लावावे आणि स्टुलाला साधे जाड सुती कापड घालावे. काढलेल्या चुकांतील एकदोन पाकिटात घालून स्टुलाच्या खाली बांधून ठेवाव्यात. पुढे कोणी वय शोधू लागले, तर त्यांचा उपयोग होतो.

प्रश्न : मुलगी मेलबर्नला असते. घरातले कोरीव शिसवी स्टूल तिला पाठवायचे आहे. अडचण येईल का? (एक वाचक, मुंबई)

येऊ शकते, म्हणून आधी वय ठरवावे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. स्टूल त्याहून अलीकडचे असले, तरी कस्टममध्ये शंका घेतली जाऊ शकते. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. स्टुलात हस्तिदंताचे जडावकाम असेल, तर वन्यजीव कायद्यामुळे ते पाठवण्याचा विचारच करू नये. शिसव ज्या वर्गातील आहे, त्या वर्गाच्या सर्व झाडांचे लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, म्हणून त्याची परवानगी लागते का, हे माल पाठवणाऱ्या एजंटाकडून लेखी विचारून घ्यावे.

ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. लाकडी वस्तू तिथे जाहीर करावीच लागते आणि तिच्यावर साल, माती किंवा किडीची भोके आढळली, तर ती धुरी देण्यासाठी अडवली जाते, परत पाठवली जाते किंवा नष्ट केली जाते, आणि खर्च आपल्यालाच भरावा लागतो. त्यामुळे पाठवण्यापूर्वी स्टूल उलटे करून पायांचे तळ स्वच्छ करावेत, भरणात काथ्या किंवा केस असतील तर तसे कागदपत्रांत नमूद करावे आणि रत्नागिरीच्या वाचकांना सांगितलेली काळ्या कागदाची तपासणी आपणही करून घ्यावी.